‘डेटा तर कधीच गेला, आता सोडून काय उपयोग?’ या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा घरच्या ग्रुपवर माझ्या आतेभावाने एक लांबलचक मेसेज टाकला. असला मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असणार, शब्द थोडे इकडेतिकडे, मतलब तोच. म्हणणं असं की ज्याने काही वाकडं केलं नाही त्याला लपवायचं काय, आणि तुमचा डेटा केव्हाच गेलाय मग आता दार लावून काय होणार, फुकट वापरता तर बोलता कशाला, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही, फारच वाटत असेल तर ब्राउझरचा इनकॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणारा, मोड वापरा, एकट्याने सोडून कोणाचं काही अडत नाही, साध्या माणसाला ते जमतही नाही, आणि आता तर कायदाही आलाय. शेवटची ओळ, ‘इतकीच भीती वाटते तर मोबाईल गोदावरीत टाका’. खाली चौदा जणांचे अंगठे.

मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं वाढलं की शेवटी इथे टाकतेय. दादा, तू हे वाचशीलच, राग मानू नकोस, भांडण तुझ्याशी नाहीये, पण हा मेसेज माणसाला प्रयत्न करायच्या आधीच हात टेकायला लावतो आणि मला तेच सहन होत नाही. मी आयटीवाली नाही. नाशकात एका सीएच्या ऑफिसात अकरा वर्षं रिटर्न भरायचं काम करतेय. गेल्या दीडएक वर्षात ऑनलाइनच्या बऱ्याच सवयी एकेक करून सोडल्या, काही अजून सुटलेल्या नाहीत, त्याही सांगते.

पहिला मुद्दा, लपवण्यासारखं काही नाही त्याला भीती कशाची.

माझ्या टेबलाशी दिवसभर जी माणसं येतात त्यातल्या बहुतेकांचं लपवण्यासारखं काहीही नसतं. शाळेतले मास्तर असतात, पगार, एक घरकर्ज, एलआयसी, संपलं. तरी ते मास्तर पगाराचा आकडा सांगताना आवाज खाली आणतात आणि मागे कोणी उभं आहे का बघतात. कोणी आजारपणाची बिलं करसवलतीसाठी दाखवायला आणतं आणि फाईल उलटी ठेवतं. यांनी काय गुन्हा केलाय? काही नाही. आपलं कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही हे आपण ठरवायचं, एवढंच त्यांना हवं असतं, आणि मी जर त्यांचा आयटीआर शेजारच्या टेबलवर उघडा टाकला तर साहेब मला त्याच दिवशी घरी पाठवतील. मग हेच सगळं फोनमधून गेलं की ‘लपवण्यासारखं काय आहे’ असं आपण स्वतःलाच कसं विचारतो?

आणि ज्याचं काही वाकडं नाही त्यालाही फटका बसतो. पटकन लोन देणाऱ्या ॲप्सचं आठवतंय ना? पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी ॲप टाकलं, त्याने कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागितली, माणसाने ‘अलाऊ’ दाबलं, आणि हप्ता चुकला की वसुलीवाले त्याच्या सासरच्यांना, ऑफिसातल्यांना, कोणाकोणाला फोन करायला लागले, फोटो वाईट करून पाठवायला लागले. इतकं झालं की रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ च्या नियमांत लिहावं लागलं की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाईल्स यांना हात लावायचा नाही. त्या कर्जदाराच्या सासूने काय केलं होतं? तिचा नंबर फक्त जावयाच्या फोनमध्ये सेव्ह होता.

दुसरं एक उदाहरण अमेरिकेतलं, सॅन फ्रान्सिस्कोचं. २०२१ मध्ये एका बापाने आपल्या लहान मुलाला नाजूक जागी सूज आली म्हणून डॉक्टरांच्या नर्सने सांगितल्यावरून फोटो काढले, ते आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेले, तिथल्या यंत्रणेने ते मुलांवरच्या अत्याचाराचे फोटो ठरवले आणि त्याचं अकाउंटच बंद केलं. ईमेल गेला, फोटो गेले, फोन नंबरही गूगलचाच होता तोही गेला. पोलिसांनी तपासून लेखी सांगितलं की यात गुन्हा काही नाही, तरी गूगलने अकाउंट परत दिलं नाही. या माणसाकडे लपवण्यासारखं काय होतं? आजारी पोर होतं.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलंय की प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार आहे. त्यात कुठेही असं नाही की ज्याला काही लपवायचंय त्यालाच हा अधिकार.

आणि ‘माझा डेटा, माझं मी बघेन’ हेही खरं नाही, कारण आपला डेटा फक्त आपला नसतोच. केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या राजकीय प्रचाराच्या कंपनीने एका क्विझच्या ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवली, ते प्रकरण निघालं तेव्हा, २०१८ मध्ये, फेसबुकने स्वतः सांगितलं होतं की भारतात ते क्विझवालं ॲप ३३५ लोकांनी इन्स्टॉल केलं आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. बाकीच्यांनी काहीच दाबलं नव्हतं, ते फक्त कोणाचे तरी मित्र होते. म्हणून दादा, तू जेव्हा म्हणतोस की मला फरक पडत नाही, तेव्हा तुझ्या फोनमध्ये माझा नंबर आहे, आईचा वाढदिवस आहे, तिच्या रिपोर्टचे फोटो आहेत, हे विसरतोस.

दुसरा मुद्दा, डेटा कधीच गेला, आता कुलूप लावून काय उपयोग. लोक सगळ्यात जास्त याच एका वाक्यावर थांबतात म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

होम लोनसाठी बँक काय मागते? शेवटच्या दोन-तीन वर्षांचं रिटर्न. दहा वर्षांपूर्वीचं रिटर्न नेऊन दिलंत तर बाजूला ठेवतील, कारण तेव्हाचा पगार वेगळा, नोकरी वेगळी, तुम्ही वेगळे. जाहिरातवाल्यांचंही तसंच आहे. तुम्ही २०१६ मध्ये कुठला मिक्सर शोधत होतात याला आज किंमत नाही, तुम्ही या आठवड्यात काय शोधताय, रात्री किती वाजता जागे आहात, बाळ होणार आहे का, नोकरी शोधताय का, घर बदलताय का, याला किंमत आहे. डेटा शिळा होतो. म्हणून तर त्यांना रोज नवा लागतो, एकदाच घेऊन पुरला असता तर ॲप उघडा उघडा म्हणून दिवसाला वीस नोटिफिकेशन कशाला पाठवली असती? ज्या दिवशी तुम्ही देणं कमी करता त्या दिवसापासून त्यांच्याकडचा तुमचा कागद जुना होत जातो.

हो, काही गोष्टी शिळ्या होत नाहीत. जन्मतारीख, पॅन, बोटांचे ठसे, डीएनए. ट्वेंटीथ्री-अँड-मी नावाच्या कंपनीला लोकांनी हौसेने थुंकी पाठवून वंशावळ काढून घेतली, २०२३ मध्ये तिथून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा गोष्टी गेल्या त्या गेल्या, मी खोटं सांगणार नाही. पण एक पाईप फुटला म्हणून घरातले सगळे नळ उघडे सोडून आपण झोपत नाही ना.

मला स्वतःला हे कधी लागलं ते सांगते. माझ्या फोनमध्ये नकाशाचं जे ॲप होतं त्यात जुने दिवस बघायची सोय होती, तारीख टाकली की त्या दिवशी कुठेकुठे गेलात ते दिसायचं. एकदा रात्री सहज बघत बसले आणि २०१९ चा ऑगस्ट आला. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा. अकरा दिवस, रोज तीच एक निळी रेघ, घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर, मध्ये एकदा मेडिकल, एका रात्री पावणेतीनला निघालेली रेघ, कारण त्या रात्री फोन आला होता की लगेच या. त्या रात्रीबद्दल मी घरात नीट कोणाशी बोललेसुद्धा नाहीये. आणि ते सगळं वेळेसकट, मिनिटासकट तिथे लिहून ठेवलेलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, फोन फक्त खिशात होता.

मी तेव्हा ते सगळं पुसलं आणि नोंद ठेवणं बंद केलं. एका सेटिंगवर विसंबू नका मात्र. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं होतं की गूगलची ‘लोकेशन हिस्ट्री’ बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागेची नोंद होतच राहते, आणि त्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांबरोबर ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ते दुसरं सेटिंग म्हणजे ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’. दोन्ही बघा, पहिलं आता ‘टाइमलाइन’ या नावाने दिसतं. आणि जुनं आपोआप पुसायची सोय तिथेच आहे, तीन महिने, अठरा महिने किंवा छत्तीस महिने. तीन ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ‘आता काय उपयोग’ म्हणणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा हेच करायला सांगते.

तिसरा मुद्दा, फुकट वापरता मग बोलता कशाला.

२०२४ मध्ये मेटाची, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपची मालक असलेल्या कंपनीची, कमाई होती १६४.५ अब्ज डॉलर आणि त्यातले १६० अब्जांच्या वर जाहिरातींमधून. ही कमाई कोणाच्या वेळातून आणि कोणाच्या माहितीतून येते? आपल्या. म्हणजे आपण किंमत देतोय, फक्त पावती मिळत नाही.

आणि पैसे भरले की सुटका होते असंही नाही, हे या मेसेजवाल्यांनी बघावं. जनरल मोटर्सच्या गाड्या लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतल्या होत्या, तरी ब्रेक किती जोरात मारता, वेग किती ठेवता, रात्री किती चालवता हा सगळा डेटा डेटा विकणाऱ्या कंपन्यांकडे जात होता आणि तिथून इन्शुरन्सवाल्यांकडे, हे २०२४ मध्ये उघडकीला आलं. काहींचा प्रीमियम वाढला तेव्हा त्यांना कळलं. अव्हास्ट या अँटिव्हायरसचं त्याहून वाईट, ट्रॅकिंगपासून वाचवतो म्हणून लोकांनी टाकलेलं सॉफ्टवेअर आणि त्याच्यातूनच लोकांचा ब्राउझिंगचा डेटा विकला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर घेतले.

उलट बाजूला सिग्नल हे व्हॉट्सॲपसारखंच मेसेजचं ॲप फुकट आहे आणि देणग्यांवर चालतं, विकिपीडिया तसंच, ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून स्वयंसेवक भरतायत. मी वर्षाला जे थोडे पैसे देवळात टाकते तेवढे आता यांनाही पाठवते. फुकटचा आणि पाळत ठेवण्याचा काही जन्माचा संबंध नाही.

चौथा, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे आणि इनकॉग्निटो आहे. यातलं पहिलं अर्धं खरं आहे आणि दुसरं जवळजवळ नाही.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहे, तेही सिग्नलच्याच पद्धतीने, हे मान्य. पण आमच्या धंद्यातलं एक सांगते. पूर्वी आयकर खात्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने यायची. पाकीट बंद. पोस्टमन उघडायचा नाही. पण पाकिटावरचा शिक्का बघून अख्ख्या वाड्याला कळायचं की अमक्याला नोटीस आलीय, आणि दोन महिन्यांत तिसरं पाकीट आलं की काय चाललंय तेही कळायचं. आतलं पत्र कोणी वाचलं नाही हा दिलासा त्या माणसाला काय कामाचा? व्हॉट्सॲपमध्ये तेच, कोण कोणाशी, कधी, किती वेळा, कुठल्या ग्रुपमध्ये, कुठल्या फोनवरून, हे पाकिटावरचं सगळं कंपनीला दिसतं. शिवाय बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, २०२१ पासून सोय आहे पण ती आपण केल्याशिवाय होत नाही. सेटिंगमध्ये चॅट, चॅट बॅकअप, तिथे बघा, आत्ताच बघा.

सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात कोर्टाकडून आदेश आला की दोन नंबरांची असेल नसेल ती माहिती द्या. त्यांच्याकडे द्यायला होतं काय, तर अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, बस्स. द्यायचं नाही म्हणून नव्हे, साठवलंच नव्हतं. फरक इथे आहे. आणि हे सिग्नल फाउंडेशन २०१८ मध्ये उभं राहिलं ते ब्रायन ॲक्टनच्या ५ कोटी डॉलरवर, तोच ॲक्टन ज्याने व्हॉट्सॲप बनवलं होतं, २०१४ मध्ये फेसबुकला विकलं आणि पुढे तिथून बाहेर पडला. घर बांधणारा गवंडीच घर सोडून गेला तर आपण निदान एकदा भिंतीकडे बघावं.

इनकॉग्निटोबद्दल, तो तुमच्या नवऱ्यापासून किंवा मुलांपासून हिस्ट्री लपवतो, साइटपासून नाही. गूगलवर २०२० मध्ये यावरूनच खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. आणि जून २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप मागे चालू असली की फोनच्या आतल्या आत कान लावून बसायची, तुम्ही ब्राउझरमध्ये मेटाचा पिक्सेल, म्हणजे माग काढणारा छोटा कोड, लावलेली कुठलीही साइट उघडली की ती साइट तुमच्या अकाउंटशी जोडली जायची, इनकॉग्निटोमध्ये असलात तरी. बातमी बाहेर आली त्याच दिवशी मेटाने ते बंद केलं. म्हणजे बंद करता येत होतंच. म्हणून मी म्हणते की सेटिंग बदलत बसण्यापेक्षा ॲपच काढा, बघायचंच असेल तर वेगळ्या ब्राउझरमधून बघा.

पाचवा, एकट्याने सोडून काय होतंय, सगळे तिथेच आहेत.

जानेवारी २०२१ आठवा. व्हॉट्सॲपने नवी पॉलिसी आणली, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा नाहीतर बंद. लोक भडकले, सिग्नल टाकायला लागले, इतके की १५ जानेवारीला सिग्नलचे सर्व्हर बसले. आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपने मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. कोणी मोर्चा काढला नव्हता. एकेकट्या माणसांनी घरी बसून एक ॲप टाकलं होतं. त्याच पॉलिसीवरून पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला, कंपनी अपिलात गेली ते वेगळं. दुसरं, ॲपलने एप्रिल २०२१ पासून आयफोनवर एक साधा प्रश्न विचारायला लावला, या ॲपने तुमचा माग काढावा का, आणि इतक्या लोकांनी ‘नको’ दाबलं की मेटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं की यामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. एकेक बोट होतं ते.

पण हे आकडे बाजूला ठेवा, घरचं सांगते. मी सगळ्यांना बोलवायला गेलेच नाही. सिग्नलवर चार जणं घेतली, आई, पुण्याचा भाऊ, वहिनी आणि मी. सिग्नलचं चिन्ह निळं, व्हॉट्सॲपचं हिरवं. आई निफाडला असते, वय अडुसष्ट, तिला मी ‘प्रायव्हसी’ हा शब्दसुद्धा सांगितला नाही, फोन हातात घेऊन म्हटलं, आई, हा निळा आपल्या घरचा, यात फक्त आपण चौघं, इथे सुविचार येणार नाहीत. पहिला आठवडा तिने हिरव्यावरच फोन केला. मी उचलला नाही, निळ्यावरून उलटा केला. दुसऱ्या आठवड्यात तिने निळ्यावर द्राक्षाच्या बागेचा फोटो पाठवला, छाटणी झालेली, खाली ‘पोचलं का’. त्या दिवसापासून तिच्या शुगरचे रिपोर्ट, बँकेचं काही, भावाच्या मुलाचे फोटो, सगळं तिकडे. हिरवा अजून आहे माझ्याकडे, क्लायंट तिथे आहेत, सोसायटी तिथे आहे, हा मेसेजही तिथेच आला. पण घरातलं बोलणं तिथे नाही. सगळं किंवा काहीच नाही असं कोणी सांगितलंय?

सहावा मुद्दा, साध्या माणसाला जमत नाही. इथे मेसेज लिहिणाऱ्याचं थोडं खरं आहे, कारण अडचण डोक्याची नसते, अंगठ्याची असते.

मला हे त्र्यंबक नाक्यावर, रस्त्यावरच्या सिग्नलला रिक्षा थांबलेली असताना कळलं. फोन काढला वेळ बघायला आणि दोन सेकंदांत इन्स्टाग्राम उघडलेलं होतं आणि वेळ किती ते मी बघितलंच नव्हतं. अंगठा आपसूक खालच्या ओळीतल्या त्या जागेवर गेला होता. म्हणजे मी ठरवून वापरतच नव्हते. मग मी ॲप काढलं नाही लगेच, फक्त त्याची जागा बदलली, तिथे बँकेचं ॲप ठेवलं. पुढचे चार-पाच दिवस दिवसातून कितीतरी वेळा बँकेचं ॲप उघडायचं आणि पासवर्ड मागायचं, तेव्हा कळायचं की आपण परत आलो. मग लॉगआउट केलं, पासवर्ड मुद्दाम लांबलचक केला आणि घरातल्या वहीत लिहून ठेवला, ऑफिसात असताना हात नाही. मग ॲप काढलं आणि शेवटी महिन्याने अकाउंट. एकदम अकाउंट उडवणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी पंधरा दिवसांत परत आल्या, कारण सवय तशीच होती, फक्त जागा रिकामी होती.

माझा क्रम सांगते, हाच बरोबर असं नाही. आधी ब्राउझर, क्रोमऐवजी फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, याला काहीच त्रास होत नाही, उलट पेज लवकर उघडतात, फरक पहिल्याच दिवशी दिसतो म्हणून इथून सुरुवात करा. मग सर्च, डकडकगो. इंग्रजीत काही अडत नाही पण मराठीत शोधलं की कमी सापडतं, विशेषतः गावाकडचं काही, बाजारभाव वगैरे, तेव्हा मी गूगलवर जाते पण लॉगिन न करता. मग फोनमधल्या परवानग्या, एकेक ॲप उघडून लोकेशन, कॉन्टॅक्ट, माईक काढून घेणं, यात एक रविवारची दुपार गेली. टॉर्चच्या ॲपला माझं लोकेशन हवं होतं. मग मेसेजिंग, वर सांगितलं तसं. ईमेल शेवटी, कारण ईमेलला बँक, पॅन, पीएफ सगळं जोडलेलं असतं, ते मी अजूनही बदलतेच आहे, नव्या पत्त्यावर एका वेळी एक खातं नेतेय. नवा ईमेल प्रोटॉनचा घेतलाय, स्वित्झर्लंडचा, पण तोही काही देव नाही, २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आदेशावरून त्यांना एका आंदोलकाचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट कनेक्शनचा पत्ता, द्यावा लागला होता. मेल वाचून जाहिराती लावत नाहीत एवढ्यासाठी तो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

जे सुटलं नाही ते, मुंबईला जाताना कसाऱ्याच्या घाटात जाम आहे का हे बघायला गूगल मॅपच लागतं, ऑरगॅनिक मॅप्समध्ये रस्ते छान आहेत, नेट नसताना चालतं, पण ट्रॅफिक कळत नाही. यूट्यूब सुटलेलं नाही. यूपीआय तर सुटणारच नाही, तिथे मी फक्त भीम ॲपवर आले, व्यवहार बँकेला दिसतोच, मधला एक कमी झाला. आणि दुकानात बिल करताना ‘नंबर सांगा’ म्हणतात तिथे आता मी नाही सांगत. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरची सक्ती करायची नाही. हे मी आईच्या रक्ताच्या तपासणीनंतर शिकले, एका लॅबमध्ये माझा नंबर दिला आणि त्याच आठवड्यापासून डायबेटिसच्या पॅकेजचे फोन सुरू, ‘मॅडम, घरात शुगरचं पेशंट आहे ना’. नंबर कुठून गेला हे मला सिद्ध करता येणार नाही. पण त्या बाईच्या तोंडून आईचा आजार ऐकताना जे वाटलं ते मला विसरता येत नाही.

कायद्याचं पटकन सांगते. आपला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदींना तेव्हापासून दीड वर्षाची मुदत दिलेली, म्हणजे २०२७. दंड २५० कोटींपर्यंत आहे खरा, पण तो सरकारजमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्यात आहेच. कायदा हवाच, मी स्वतः त्याच्या बाजूची आहे, पण कायदा आला म्हणून हेल्मेट काढून ठेवायचं का?

राहिली गोदावरी. फोन टाकायची काही गरज नाहीये, फोनवर माझं पोट चालतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं अकाउंट कायमचं बंद करायचं असेल तर फक्त एवढं लक्षात ठेवा की ॲप काढणं म्हणजे अकाउंट बंद करणं नव्हे, आधी आपला डेटा डाउनलोड करून घ्या, फोटो नीट उघडतायत का तपासा, त्या अकाउंटने आणखी कुठेकुठे लॉगिन केलंय ते बघून तिथले पासवर्ड बदला, आणि मग बंद करा, आणि मधले तीस दिवस तिकडे परत फिरकू नका, कारण तेवढ्यात लॉगिन केलं की ते पुन्हा जिवंत होऊ शकतं.

दादा, तू रविवारी येतोयस ना, फोन चार्ज करून आण. ब्राउझर आणि ते तीन महिन्यांचं सेटिंग जेवायच्या आधीच होईल, परवानग्यांना वेळ लागतो, त्या दुपारी बसून काढू. आणि निळ्यात आईने तुझ्यासाठी जागा ठेवायला सांगितलीय, ती म्हणते पाचवा चालेल.